व्याह्यांच्या शेडातलं इंजिन

या खटाटोपात संभाजीरावांना मिळणार काय होतं, ते आधी मांडून घेऊ. पैसा नव्हता, उलट येण्याजाण्याचं पेट्रोल त्यांचंच जायचं. मिळणार होती एक खुर्ची. प्लास्टिकची, पांढरी, हातवाली. मंडपवाल्याकडं तशा ढिगानं असतात. पण ही खुर्ची मांडली जाणार होती लासुर्ण्यात, गणपतीच्या मांडवात, पहिल्या रांगेत आणि विजयसिंहांच्या खुर्चीला लागून. विजयसिंह म्हणजे संभाजीरावांचे व्याही. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाशेजारी एका उंचीवर बसायचं, माइकवरून नाव पुकारलं की उठून फेटा बांधून घ्यायचा, आणि हे सगळं विहीणबाईंनी समोरून बघायचं. सुप्रियाच्या लग्नापासून संभाजीराव या एका दृश्याची वाट बघत होते.

लग्नात वरपक्षाच्या एका चुलत चुलत्याला फेटा कमी पडला होता, एवढीच काय ती कसर. तो चुलता जेवून, पान खाऊन, सुपारी कातरत घरी गेला. त्याच्या ध्यानातही नसेल. पण विहीणबाई राजलक्ष्मी म्हणाल्या, "असू द्या, त्यांच्यात नसंल पद्धत." ते वाक्य संभाजीरावांच्या कानात जे जाऊन बसलं ते निघालंच नाही. तेव्हापासून लासुर्ण्याला गेले की ते पलंगाच्या कडेला टेकायचे, चहा अर्धा ठेवायचे आणि कुणी हसलं की आपल्यालाच हसलं असं धरून चालायचे.

अशात मंडळानं ठरवलं की यंदाचा देखावा उसाच्या रेल्वेचा करायचा. कारखान्याची ती लहान रेल्वे एके काळी याच शिवारातून ऊस ओढायची, आणि विजयसिंहांचे वडील तिच्यावर ड्रायव्हर होते. त्यामुळं देखाव्याचं काम विजयसिंहांकडं आपसूकच गेलं. त्यांनी पत्रा कापून हातभर लांबीचं इंजिन केलं, भंगारातल्या जीपची वायपरची मोटर त्यात बसवली, लोखंडी पट्टीचे रूळ गोल मांडले. मागं मालाच्या चार वाघिणी, वाघिणींत बोटाएवढ्या उसाच्या कांड्या. सगळं झोकात झालं, आणि चार्जरची वायर रुळांना लावल्याबरोबर इंजिन असं उसळलं की शेवटच्या वाघिणीतला ऊस विजयसिंहांच्या मांडीवर. करंट कमी करावा तर गाडी जागची हलेना, वाढवावा तर दावं तोडलेल्या खोंडागत पळे.

तेव्हा भाकरी वाढता वाढता सुप्रिया सासऱ्यांना म्हणाली, "आबा, हे आमचे नाना करतील."

नाना म्हणजे संभाजीराव. ते एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त होऊन जळोचीत वीस गुंठ्यांवर गुरांचा घास करत होते. निरोप आला त्याच दिवशी त्यांनी बारामतीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून आठ पायांची एक चिप, करंट तोडणारा-जोडणारा एक मॉस्फेट आणि चिमूटभर बारकं सामान आणलं. घरी पाटावर बसून सोल्डरिंग केलं. पहिला मॉस्फेट धूर सोडून गेला. त्यांनी खिडकी उघडली, बायकोला "काही नाही, उदबत्ती" असं सांगितलं आणि दुसरा बसवताना पाठीमागं ॲल्युमिनियमची पट्टी लावली, म्हणजे उष्णता तिच्यात जाईल.

बसवायला डबा हवा होता. विजयसिंहांनी आपल्या विहिरीवरचा जुना स्टार्टर आतून रिकामा करून दिला. संभाजीरावांनी त्याच्यावर गोल बटण लावलं, भोवती शून्यापासून दहापर्यंत आकडे रंगवले आणि शेडमध्ये व्याह्यांपुढं ठेवला.

"ह्यात केलंय काय, पाव्हणं?" विजयसिंहांनी विचारलं.

"विजेचा दाब पुराच सोडायचा, पण दार लावत-उघडत. सेकंदाला शेकडो वेळा. दार जास्त वेळ उघडं तर गाडी जोरात, कमी वेळ उघडं तर हळू. मोटरीला कळतच नाही की मधे मधे आपलं पाणी तोडतायत. आणि सुरुवातीला झटका बसू नये म्हणून दार एकदम न उघडता सावकाश उघडतं."

"म्हंजी डब्यात पाटकरी बसवलाय म्हणा की!" विजयसिंह हसले.

संभाजीरावही हसले. पण जळोचीला पोचेपर्यंत गाडीवर एकच विचार: पाटकरी, म्हणजे कालव्याचं दार उघडझाप करणारा गडी, कुणाला म्हणाले? डब्याला, का मला?

अशा माणसाचं डोकं एकदा चालू झालं की त्याला शून्याचा आकडा नसतो. डबा व्याह्यांचा, आतलं आपलं. उद्या म्हणतील सगळंच आमचं. म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी बायकोची नेलपॉलिश खिशातून नेली आणि डब्याच्या चारी स्क्रूंवर लाल ठिपके दिले. कुणी उघडायला गेलं तर ठिपका फुटणार. विजयसिंहांनी बघितलं, आणि म्हणाले, "डब्याला कुंकू लावलं व्हय? चांगलं हाय."

हा शेड म्हणजे पूर्वीची कडब्याची जागा, घराच्या मागं, विहिरीच्या वाटेवर. त्याला वेगळं मीटर नव्हतं. विहिरीच्या मोटरीच्या लाइनवरूनच वायर ओढलेली. शेतीची लाइट आपल्या मर्जीनं येते, मर्जीनं जाते. मोटर ऑटोवर टाकलेली असते. लाइट आली की आपली आपण चालू होते, माणसानं काही करायला नको. इकडं सगळ्यांचीच तशी, संभाजीरावांची जळोचीचीसुद्धा. लाइट गेली की माणूस हात झटकून उठतो. संभाजीरावही तसेच उठायचे. गाडी फिरता फिरता मध्येच थांबायची, शेडात अंधार व्हायचा, ते टॉवेलला हात पुसून, कुलूप लावून, चावी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून जळोचीचा रस्ता धरायचे.

पहिल्यांदा त्यांना शंका आली ती एका रविवारी. मागच्या खेपेला इंजिन खिडकीखाली थांबलेलं त्यांना पक्कं आठवत होतं. आज ते दाराजवळ होतं. खाली उसाच्या दोन कांड्या पडलेल्या. डब्याचे चारी ठिपके मात्र शाबूत.

उघडत नाहीत, नुसती चालवतात, असं त्यांनी मनात लिहून घेतलं.

त्या दिवशीही लाइट मध्येच गेली. त्यांनी खडूनं इंजिनाच्या चाकाशी रुळावर बारीक रेघ मारली आणि उठले. बुधवारी बघतात तो इंजिन रेघेपासून पार अर्धा फेरा पुढं. त्याच्या पुढच्या खेपेला लाइट होती. ते स्वतः गाडी बंद करून, रेघ मारून गेले, तर इंजिन जागच्या जागी. म्हणजे रोज नाही. कधी चालवायची, कधी नाही, असा बेत करून चालवतात. शहाणा माणूस असाच करणार. संभाजीरावांना व्याह्यांच्या हुशारीबद्दल जवळजवळ आदरच वाटला.

मग पुरावेच पुरावे गोळा व्हायला लागले. मंडळाचा अध्यक्ष लखन बांधावर भेटला आणि आपणहून म्हणाला, "नाना, परवा दुपारी शेडात गाडी चालू हुती की. मी म्हसरं पाण्यावर न्हेत हुतो, आवाज आला. म्हणलं नाना आल्यात."

"परवा?" संभाजीराव परवा जळोचीत घासाला पाणी देत होते. "हां, परवा… आलो होतो थोडा वेळ," ते म्हणाले. चोराला सावध करायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं.

आत गेले तर डब्याच्या गोल बटणावर पांढरं काहीतरी चिकटलेलं. नखानं खरवडलं, बोटावर चोळलं. भाकरीचं पीठ! वाळून पापुद्रा झालेलं. संभाजीराव स्टुलावर बसले. व्याही काही भाकरी थापत नाहीत. म्हणजे विहीणबाईही सामील! नवरा पाहुण्यांना जमवून खेळ दाखवतो आणि बायको गाडी चालवते, असा तो सगळा संसार त्यांच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. मांडवात पहिल्या रांगेत विजयसिंह बसलेत, शेजारी विहीणबाई, माइकवर 'विजयसिंहांनी स्वतः तयार केलेली रेल्वे', आणि आपण मागं, चपलांच्या ढिगाशेजारी.

निघताना सुप्रिया फाटकापर्यंत आली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "नाना, निघताना आतलं सगळं बंद केलंत ना?"

संभाजीरावांनी तिच्याकडं रोखून बघितलं. लग्नाआधी ही पोरगी बापाला कधी आडून विचारायची नाही. "तुला कुणी विचारायला सांगितलं?"

"कुणी नाही. असंच."

"कुलूप लावलंय. चावी खिळ्याला आहे. अजून काय पाहिजे तुमच्या लोकांना?"

आतून राजलक्ष्मीबाईंची हाक आली, ती आत गेली. गाडीला किक मारताना संभाजीरावांना वाटलं, पोरगीसुद्धा फितवली.

गणेश चतुर्थीच्या आदल्या रविवारी मंडळाची माणसं चाचणी बघायला आली. शेड भरून गेला. विजयसिंह स्वच्छ टोपी घालून एका बाजूला, लखन आणि त्याचे जोडीदार रुळाभोवती उकिडवे. संभाजीरावांनी बटण हळूहळू फिरवलं. इंजिन आधी नुसतं थरथरलं, मग अंगातली झोप झटकून उठावं तसं हललं, आणि चारी वाघिणी ओढत निघालं. एक कांडी सांडली नाही. वळणावर वेग कमी केला, सरळ रुळावर वाढवला. माणसं मान गोल फिरवत बघत राहिली.

"आईच्यान, खरीखुरीच वाटती!" लखन ओरडला. "तात्या, गाव बघत ऱ्हाईल बघा तुमची गाडी!"

तुमची. तात्या म्हणजे विजयसिंह. आणि विजयसिंहांनी नुसती मिशी चाचपली. 'पाव्हण्यांची पण हाय' असं काही म्हणाले नाहीत. खरं सांगायचं तर म्हणणार होते, तोंड उघडलंही होतं. पण संभाजीराव थांबले नाहीत.

"तात्यांचीच की!" ते म्हणाले. "सरावही त्यांचाच जास्त आहे. मी नसतानाही चालवतात."

"कोण चालवतंय?" विजयसिंह म्हणाले.

"ते तुम्हीच सांगा, व्याही. माझ्या माघारी इंजिन जागा बदलतं. मी खडूच्या रेघा मारून बघितल्यात. बटणाला भाकरीचं पीठ लागलेलं असतं. पाहुणे बोलवून खेळ दाखवायचा असेल तर दाखवा, पण करणाऱ्याचं नाव तरी सांगत जा."

शेडात गाडी तेवढी फिरत राहिली, कट-कट, कट-कट. विजयसिंहांचा चेहरा आधी कोरा पडला, मग लाल झाला.

"रेघा मारल्या?" ते सावकाश म्हणाले. "माझ्या शेडात माझ्यासाठी रेघा मारल्या? पाव्हणं, ह्या इंजिनाला तुमचा डबा लागल्यापसनं मी बोट लावलं न्हाय. का, तर तुमचं काम, बिघडलं तर तुमी म्हणाल आमी बिघडवलं. ह्या लखनला इचारा, बघाय आला तर दारातनं परत लावला मी त्येला. आन् मी चोर?"

"चोर नाही म्हणालो मी."

"आता ऱ्हायलं काय म्हणायचं? लखन, गाडी उचला. देखावा दुसरीकडं करा. ह्या घरात आता ह्या गाडीचं काम नको. आन् पाव्हण्यांनी पण…"

पुढचं वाक्य काय होतं ते सगळ्यांना कळलं. पाव्हण्यांनी पण या घरात येऊ नये. ते एकदा मंडळासमोर तोंडातून सुटलं असतं तर परत घेता आलं नसतं. व्याह्यांचा शब्द तसा असतो, आणि त्या शब्दाच्या खाली राहायचं असतं ते मुलीला.

"मी चालवत होते, आबा."

दारात सुप्रिया उभी होती. हातात चहाचा ट्रे.

"तू?"

"दुपारी मोकळी असले की… बघावंसं वाटायचं. म्हणून लावायची थोडा वेळ. माझीच चूक झाली."

मग लखनचा एक जोडीदार फस्सकन हसला. "वैनी डायवर झाल्या म्हणायच्या!" आणि त्यासरशी सगळा शेड हसला. हसणं आलं तसं विजयसिंहांचं वाक्य घशातच राहिलं. त्यांनी सुनेकडं बघितलं, ते बघणं काही हसरं नव्हतं. "इचारलं असतं तर न्हाय म्हणलो असतो का? चार मान्सात माझी शोभा झाली तुझ्यापायी." तिच्या मागून आलेल्या राजलक्ष्मीबाईंनी तेवढ्यात आपला वाटा घातला, "तरीच भाकरी करपायच्या दुपारच्या! मला म्हणायची, जाळ जास्त झाला."

संभाजीरावांच्या छातीवरचा दगड उतरला होता. चोर सापडला होता. घरचा निघाला एवढंच. त्यांनी वडिलकीनं मान हलवली. "पोरी, निदान मला तरी सांगायचंस."

सुप्रिया त्यांच्याकडं बघत होती. काहीतरी सांगायचं असल्यासारखं, किंवा काहीतरी त्यांनीच ओळखावं म्हणून थांबल्यासारखं. आणि लाइट गेली. गाडी खिडकीखाली थांबली.

"चला, झालं," संभाजीराव म्हणाले, टॉवेलला हात पुसले आणि उठले.

मंडळाची माणसं चहा पिऊन, 'डायवर वैनी' असं एकमेकांना ढोसत निघून गेली. अंगणात व्याही-व्याही समोरासमोर बसले. समेट झाला होता, पण नवीन प्लास्टर असतं तसा. हात लावायची सोय नव्हती. विजयसिंह आभाळाकडं बघून पावसाचं बोलत होते. राजलक्ष्मीबाई घेवडा मोडत होत्या. आतल्या चुलीजवळ सुप्रिया संध्याकाळच्या भाकरी थापत होती. थप-थप ऐकू येत होतं.

मग मागच्या बाजूला विहिरीवरची मोटर घुर्र करून उठली. लाइट आली.

आणि पाठोपाठ शेडातून आवाज आला. आधी नुसती थरथर, मग सावकाश, मग नीट. कट-कट, कट-कट.

विजयसिंह बोलायचे थांबले. राजलक्ष्मीबाईंच्या हातात घेवड्याची शेंग तशीच राहिली. शेडाला कुलूप होतं. अंगणात तिघं होते. आतली थप-थप थांबली. सुप्रिया पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली, खिळ्यावरची चावी घेऊन, कुणाकडं न बघता, रोजच्या पायवाटेनं जावं तशी सरळ शेडाकडं गेली. कुलूप निघालं. गाडी थांबली. ती परत वळली तेव्हा दाराजवळ बाप उभा होता.

बाप तिच्या तोंडाकडं बघत नव्हता, हातांकडं बघत होता. बोटाबोटाला पीठ.

संभाजीरावांनी आत जाऊन डबा बघितला. बटण शून्यावर होतं, त्यावर ओलं पीठ. त्यांनी स्वतः ते शेवटचं कुठं सोडलं होतं? सहावर. लाइट गेली, आणि हात पुसून उठले. आजही, आधीच्या खेपांनाही, त्या पहिल्या रविवारीही. मोटर ऑटोवर सोडून घरी जावं तसे. बस दुरुस्त करताना आधी बॅटरीची वायर काढायची, हे वर्कशॉपात नवीन पोरांना त्यांनीच ओरडून शिकवलेलं. शेडात मात्र ते वर्कशॉपवाले राहिले नव्हते. लाइटची वाट बघणारे शेतकरी झाले होते.

"सांगितलं का नाहीस?" ते म्हणाले.

"विचारलं की. फाटकाशी."

विहीणबाईंच्या समोर 'नाना बटण विसरतात' असं म्हणायला पोरीची जीभ रेटली नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा या घरात तिच्या बापाचं नाव चांगल्या कामात निघत होतं. ते टिकावं म्हणून ती तवा सोडून पळत यायची, बटण खाली करायची, आणि भाकरी करपवून बोलणी खायची.

मागं विजयसिंह येऊन उभे होते. त्यांनी डब्याकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, आणि त्यांच्या डोक्यातला हिशेब जुळायला फार वेळ लागला नाही. ऑटोवरची मोटर त्यांनी जन्मभर पोसलेली.

"व्याही," संभाजीराव म्हणाले, "चुकलं माझं. मी उद्या मंडळात सांगतो."

"काय सांगता? की सून खोटं बोलली?" विजयसिंह म्हणाले. "गाव म्हणंल, बापाला झाकाया सासऱ्याफुडं खोटं बोलली. आता नुसतं डायवर म्हणून हसत्यात, मग दुसरंच म्हणून हसतील. ऱ्हाऊ द्या. आन् माफी माझ्याकडं कशाला मागताय? किंमत भरली कुणी, ते बघा." मग सुनेकडं वळून, जरा खाकरून म्हणाले, "तवा बघ जा. करपंल."

गणपती बसले. देखावा असा गाजला की पार इंदापुरातून माणसं आली. माइकवरून नाव पुकारलं, संभाजीरावांना फेटा बांधला. पहिल्या रांगेत विजयसिंहांच्या शेजारी पांढरी खुर्चीही होती. पण संभाजीराव तिच्यावर बसले नाहीत. ते डब्यापाशी उभे राहिले, हात बटणाच्या वर धरून, आणि लाइट लुकलुकली रे लुकलुकली की शून्यावर आणायचे. मग बटणाकडं वाकून खात्री करायचे, मग पुन्हा एकदा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातांवर नजर ठेवलेल्या माणसाला आता स्वतःच्या हाताचा भरवसा राहिला नव्हता. राजलक्ष्मीबाई समोर होत्या, बघतही होत्या, पण विजयसिंहांच्या शेजारी बसलेले संभाजीराव त्यांना दिसलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर मंडळानं प्रसादाचं पातेलं ठेवलं.

आरती झाली की बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी खिदळायचं, "डायवर, आज गाडी कोण चालवतंय?" सुप्रिया हसून पदर सारखा करायची. बाहेर पडताना डब्याजवळून जायची आणि हळूच विचारायची, "नाना, शून्यावर आणलंत?"

"आणलं."

तर जमाखर्च असा. मंडळाला गर्दी मिळाली. विजयसिंहांना वडिलांचं इंजिन परत मिळालं आणि वर मोठेपणा. राजलक्ष्मीबाईंना करपलेल्या भाकरीचं कारण मिळालं, ते त्यांना अजून पुरतंय. संभाजीरावांनी फेटा घेतला आणि किंमत म्हणून खुर्ची भरली. बाकी सगळं सुप्रियानं भरलं. आणि लासुर्ण्यात तिला आजही डायवर म्हणतात.